पहिला हिमालयीन ट्रेक करायचा आहे, पण नागपुरात चढायला आहे काय?

इतवारी_होजियरी | १२ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार. मी इथे वाचतच जास्त असते. मागे एकदाच धागा काढला होता, तो टाकीतल्या शेवाळाचा. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचा मुलगा बावीस वर्षांचा. त्याने डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा करायचं ठरवलं आणि म्हणाला, मावशी तूही चल. मी हो म्हणून बसले. आता झोप येत नाही. वय ४३, वजन ७४, दिवसाचे दहा तास इतवारीतल्या दुकानात गल्ल्यावर. दुकान होजियरीचं. अठरा वर्षं लोकांना थर्मल विकून राहिले, बर्फ पाहिला तो फ्रिजमधला.

केदारकंठा ३,८०० मीटरच्या वर आहे. आपलं नागपूर ३१० मीटर. चढ म्हणावा तर टेकडी गणपती, आणि तिथेही टेकडी शोधावी लागते. हातात पाच महिने आहेत. नुसतं चालून भागेल का? उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. घरचे म्हणतात, चिखलदऱ्याला जा, भजी खा, परत ये.

तर्रीबाज | १२ जुलै, रात्री ११:०४

घरचे बरोबर म्हणून राहिले ताई. चिखलदऱ्यात कॉफी पण भेटते.

चौथा_मजला | १३ जुलै, सकाळी ६:२०

ताई, गेल्या वर्षी मी हेच केलं, मनीषनगरात राहून. आमची बिल्डिंग चार मजल्यांची. चार मजले वर-खाली, दहा फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. आधी रिकाम्या हाताने, मग सॅकमध्ये पाच किलो कणीक, मग आठ. तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर पिशवी फुटली. त्या दिवसापासून पाण्याच्या बाटल्या भरतो. गुडघे बोलायला लागले की पाणी कुंडीत ओतून वजन कमी करता येतं, कणीक कुठे ओतणार? समोरच्या काकूंनी चार दिवस पाहिलं आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, लिफ्ट पुन्हा बंद आहे का, आम्ही मेंटेनन्स देतो ना?

एकच सांगतो, खाली येतानाही जिनाच वापरा. दम चढताना लागतो, पण पाय जातात ते उतरताना. मांडीचा पुढचा स्नायू उतरताना ब्रेक लावत असतो आणि सपाटीवर चालून त्याला ती सवय होत नाही. तुमचा गुडघा कुरकुरतो त्याचं निम्मं उत्तर इथेच असेल. आधी फिजिओला दाखवा मात्र.

बरेच ट्रेकवाले ५ किलोमीटर ३५ मिनिटांत धावायची अट घालतात. मी पहिल्या दिवशी फुटाळ्याला ४७ मिनिटं घेतली होती, त्यातली चार मक्याच्या कणसाला.

मुळामुठा | १३ जुलै, दुपारी १:१५

नागपूरकरांनी सरळ दोन वीकेंड पुण्याला यावं. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. सह्याद्री झाला की हिमालय सोपा जातो, वाटा तिकडे उलट प्रशस्त असतात. आम्ही वेगळी तयारी वगैरे काही केली नव्हती.

तर्रीबाज | १३ जुलै, दुपारी १:१९

आले. मी म्हटलंच, अजून कसे नाही आले.

रिटायर्ड_टीसी | १३ जुलै, संध्याकाळी ७:४०

मुळामुठा, सह्याद्रीने पाय घडतात हे मान्य. पण कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठाची चाल ज्या सांकरी गावातून सुरू होते ते गावच १,९५० च्या आसपास. आपल्या राज्याचं छप्पर जिथे संपतं त्याच्याही वर त्यांचं जोतं आहे. उंचीचा सराव ना पुण्यात होतो, ना रामटेकला.

१९९४ साली आम्ही चौघं दार्जिलिंगकडच्या संदकफूला गेलो होतो. रेल्वेचे पास, माझ्या बायकोने विणलेले स्वेटर आणि कँटीनमधून घेतलेले बूट. आमच्यातला एक फुटबॉल खेळणारा, रोज यशवंत स्टेडियमला पळणारा गडी. तो सगळ्यांच्या पुढे धावत सुटला. मी तेव्हाही जाड होतो, दर वळणावर थांबायचो, एक लिमलेटची गोळी तोंडात टाकायची, ती विरघळली की पुढे. संदकफू ३,६३६ मीटर. गडी आमच्या तीन तास आधी पोचला आणि रात्रभर ओकला. पहाटे कांचनजंगा अशी गुलाबी झाली होती की आम्ही बोलायचं विसरलो. तो दोन रजयांखाली होता. "फोटो काढून ठेवा" एवढंच म्हणाला. माझा रोल आदल्या दिवशीच संपला होता.

ओपीडी_सात | १३ जुलै, रात्री ११:३०

टीसी काका, तुमचा फुटबॉलवाला मी आता पेशंटना सांगायला घेणार.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. पाय, दम, गुडघे यांचं काम नागपुरात होतं, चौथा_मजला यांनी सांगितलंय. उंचीचं काम होत नाही, कोणालाच. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी. ३,८०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात माल कमी. शरीर त्यावर उपाय करतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा हिशेब नव्याने मांडतात. त्याला वर काढलेल्या रात्री लागतात, जोर-बैठका नाही. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास कमी होतो असं काही नाही. तो फक्त त्रासापर्यंत लवकर पोचतो.

नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा. दिवसा कितीही चढा, झोपायला खाली या. आता तुमचं वेळापत्रक काढा. सांकरी १,९५०, दुसरा मुक्काम जुडा का तालाब साधारण २,७७०, तिसरा बेस कॅम्प साधारण ३,४३०. शेवटची उडी साडेसहाशेची. बहुतेकांना निभतं, पण डोकं दुखलं तर आश्चर्य नको. सांकरीत एक दिवस जादा मागून घ्या. दोन रात्री तिथे काढल्याचा पैसा वसूल होतो.

डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मेलेली, चक्कर, अंगात त्राण नाही, यातलं काही असेल तर पुढे चढायचं नाही. त्रास वाढला, चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर खाली. रात्री दोन वाजलेले असले तरी खाली. आणि हे गाईडला सांगायचं. "ग्रुप थांबेल माझ्यामुळे" म्हणून डोकेदुखीची गोळी गुपचूप घेऊन पुढे गेलेले मी पाहिलेत.

ॲसिटाझोलामाइड हे औषध विचारणार तुम्ही, म्हणून आधीच सांगते. प्रतिबंधासाठी देतात, पण सल्फाची ॲलर्जी आहे का, बाकी औषधं काय, हे बघून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोडा बेचव लागतो. ट्रेकवर पहिल्यांदा घेऊ नका, इथे एक दिवस घेऊन पाहा. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर बंद.

सोल_निघाला | १४ जुलै, सकाळी ९:०५

माझं नाव वाचून प्रकरण कळलं असेल. हिमाचलातला हंप्ता पास ट्रेक, बाळू का घेराच्या मुक्कामाअलीकडे. बूट दहा वर्षांपूर्वीचे, महागातले, दोनदाच घातलेले. बाकी काळ कपाटावर, वरच्या मजल्यावर, म्हणजे मे महिन्यात तिथे भाकरी भाजता येईल. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी डाव्या पायाचा सोल जीभ काढावी तसा लोंबायला लागला. दुपारपर्यंत उजवाही. असले पॉलियुरेथेनचे सोल वापरले नाहीत तरी आतून कुजतात, आपल्या उन्हाळ्यात आणखीच. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, अंगठ्याने दाबलं की चुरा पडतो. तंबूची दोरी गुंडाळून तीन दिवस चाललो. ओढे ओलांडताना दोरी आधी भिजायची, मग मी.

ताई, बूट आता घ्या, डिसेंबरात नाही. संध्याकाळी जा, पाय तेव्हा सुजलेला असतो. जाड मोजा घालून बघा आणि दुकानात उतरत्या पाटीवर उभं राहून बघा. बोटं पुढे टेकली तर एक नंबर मोठा. नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. माझी दोन गेली, ती वेगळी गोष्ट आहे.

नागद्वारवाली_काकू | १४ जुलै, दुपारी ३:३०

किती घाबरवता त्या पोरीला! मी ६१ वर्षांची. एकवीस वर्षं नागद्वारच्या यात्रेला जाऊन राहिले, रबरी चपलेवर. पचमढीपासून डोंगरांमागून डोंगर, लोखंडी शिड्या, वरून श्रावणाचा पाऊस, पायाखाली नुसता चिखल. वाट वर्षातून नागपंचमीच्या आसपास आठ-दहा दिवसच उघडते, बाकी तिथे व्याघ्र प्रकल्प. आपल्या विदर्भातली लाखभर माणसं जातात. कोणाला फिजिओ माहीत नाही. "एक नमन गौरा, हर बोला हर हर महादेव" म्हणायचं आणि पाय टाकायचा.

नागपुरात चढायला नाही काय म्हणता, ऑगस्टात चला माझ्यासोबत. गणेशपेठहून एसटीच्या जादा गाड्या सुटतात.

मुळामुठा | १४ जुलै, दुपारी ४:००

काकूंना साष्टांग. मी माझं विधान अंशतः मागे घेतो.

तर्रीबाज | १४ जुलै, दुपारी ४:०२

अंशतः! पुण्याचा माणूस आहे, व्याज ठेवूनच मुद्दल परत करतो.

रिटायर्ड_टीसी | १४ जुलै, रात्री ८:१५

रामटेकही आहे की. अंबाळ्याकडून गडमंदिराच्या जुन्या दगडी पायऱ्या, सकाळी सातच्या आत, दोनदा वर-खाली. पिशवीत खायचं ठेवू नका, वानरं तुमच्याआधी खातील. आणि एक लक्षात घ्या, त्या यक्षाने रामगिरीवरून हिमालयात ढगाला पाठवलं, स्वतः गेला नाही. त्याला उंचीचं प्रकरण माहीत असावं.

चौथा_मजला | १४ जुलै, रात्री ८:४०

यक्षाला सुट्टी नव्हती काका. वर्षभराचं सस्पेन्शन होतं.

इतवारी_होजियरी | १५ जुलै, रात्री १०:१०

एवढं सगळं! एकेकाला वेगळं उत्तर देत नाही, वही केली आहे. काकू, तुम्हाला खाजगीतून निरोप केलाय, खरंच येते मी.

कपड्यांबद्दल कोणी बोललं नाही. निदान तिथे मी हुशार आहे असं वाटतंय. दुकानातले दोन जोड थर्मल, दोन स्वेटर, जीन्स?

सोल_निघाला | १५ जुलै, रात्री १०:२५

जीन्स नको!!! भिजली की वाळत नाही, वजन दुप्पट. सुती काहीच नको. चढताना घाम येतोच, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम बर्फासारखा गार होतो. आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, थांबल्यावर घालायला पिसांचं जाकीट, वर वारा-पाणी अडवणारं. अंगभर एकच जाड गोधडी असून चालत नाही, काढता-घालता आलं पाहिजे.

इतवारी_होजियरी | १६ जुलै, दुपारी २:५०

सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा शिडी लावून थर्मलची सगळी खोकी खाली काढली. लेबल कधी वाचलंच नव्हतं बघा, आम्ही नंबर आणि किंमत वाचतो. आतल्या शिवणीत बारीक अक्षरात: कॉटन ६०, पॉलिएस्टर ४०. दुसरं: कॉटन ६५. तिसरं, ज्याला आम्ही "काश्मीर क्वालिटी" म्हणून विकतो: कॉटन १००. नोकर पोरगा विचारतो, ताई काही चोरीला गेलं का. नागपूरच्या थंडीला ते उत्तमच आहेत हो, कोणी तक्रार घेऊन येऊ नका. पण माझ्यासाठी मला दुसऱ्याच्या दुकानात जावं लागणार, याचं वाईट वाटलं.

बिनपत्त्याचा | १६ जुलै, रात्री ९:००

सावजी मसाला वर नेला तर चालेल का? गंभीर प्रश्न आहे.

ओपीडी_सात | १६ जुलै, रात्री ९:३५

पोट आधीच रुसलेलं असतं तिथे. मसाला मला आणून द्या.

तर्रीबाज | १६ जुलै, रात्री ९:४०

संत्रा बर्फी न्या. गोठली तर दगड म्हणून कामी येते, नाही गोठली तर बर्फी.

*(यानंतर तर्रीवर चौदा प्रतिसाद झाले आहेत. तर्रीला वेगळा धागा काढा ही विनंती. – संपादक)*

ओपीडी_सात | २१ जुलै, रात्री ११:१०

एक गोष्ट राहिली आणि ती विदर्भातल्यांनी वाचावीच. सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे त्याचं प्रमाण बरंच आहे आणि वाहकांना बहुतेक वेळा पत्ताही नसतो, कारण सपाटीवर त्यांना त्रास नसतो. उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की काही वाहकांच्या लाल पेशी प्लीहेत कोयत्यासारख्या वाकून अडकतात. डाव्या बरगडीखाली जोरात कळ येते. लोकांना गॅस वाटतो. तिथे सोनोग्राफी कुठली? पूर्ण आजार असलेल्यांनी तर उंचीवर जाऊच नये. रक्ताची साधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. सरकारी दवाखान्यात होते.

ट्रेकचं वैद्यकीय प्रमाणपत्र बऱ्याचदा रक्तदाब बघून सही होतं. त्यात हे कोणी विचारत नाही.

बिनपत्त्याचा | २२ जुलै, सकाळी ८:००

डॉक्टर, अशाने कोणी घराबाहेर पडणार नाही. हजारो लोक जाऊन येतात. मीही टेस्ट न करता गेलो, काय झालं?

ओपीडी_सात | २२ जुलै, दुपारी १:४५

काही झालं नाही, आनंद आहे. बहुतेक वाहकांनाही काही होत नाही. मी "जाऊ नका" म्हणत नाही, "माहीत असू द्या" म्हणते.

नागद्वारवाली_काकू | १९ ऑगस्ट, सकाळी ११:००

आलो जाऊन. इतवारीवाली चांगली चालली. मी यंदा नातीने घेऊन दिलेले नवे बूट घातले आणि दोन्ही टाचांना हे मोठे फोड. तिसऱ्या डोंगरापासून पुन्हा चप्पल. बूटवाल्यांनी बोलावं आता.

सोल_निघाला | १९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

काकू, नवे बूट थेट डोंगरावर? आधी महिनाभर भाजी आणायला घालायचे असतात.

इतवारी_होजियरी | १९ ऑगस्ट, रात्री १०:३०

माझं ऐका. महिनाभर जिना आणि तीन वेळा रामटेक करून गेले होते. चढताना मस्त वाटलं. उतरताना एका शिडीवर वरून पाणी, हातात गार लोखंड, खालच्या माणसाच्या डोक्यावर माझा पाय पडेल की काय या भीतीने मी तिथेच थांबले. मागे शंभर माणसं. काकू वरून ओरडल्या, "पोरी, पाहू नको, पायाने चाचपड!" चाचपडत उतरले. गुडघा दुखला, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला. जुलैत हे झालं नसतं.

आणखी एक कळलं. मी फार भरभर चालते, दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखी. काकू बोलत बोलत चालतात, आणि बोलणं तुटलं की वेग कमी करतात.

रिटायर्ड_टीसी | १९ ऑगस्ट, रात्री १०:५०

लिमलेटची गोळी. काकूंकडे बोलणं आहे, माझ्याकडे गोळी होती.

इतवारी_होजियरी | ६ सप्टेंबर, रात्री ११:४०

डॉक्टर, तुमचं वाचून आम्ही दोघांनी टेस्ट केली. माझी निगेटिव्ह. भाच्याची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, मग इलेक्ट्रोफोरेसिस, एएस. वाहक. जिम करणारा पोरगा, कधी सर्दी नाही. दोन दिवस बोलला नाही, आणि बहीण माझ्यावर चिडली की कुठे नाद लावलास. नाद त्यानेच मला लावला होता, पण हे बोलायची वेळ नव्हती.

रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, वाहक म्हणजे आजारी नाही, खेळ, पळ, जिम कर. पण पहिल्याच वेळी इतक्या झपाट्याने एवढ्या उंचीवर नको. लग्नाआधी जोडीदाराची टेस्ट कर, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आता तो हसत असतो की ट्रेक विचारायला गेलो आणि लग्नाचं ठरवून आलो.

तर ठरलंय असं: तो सांकरीपर्यंत येणार, तिथे राहून जवळपास फिरणार. मी ग्रुपबरोबर वर. सांकरीतल्या दोन रात्री पक्क्या केल्या. २५ डिसेंबरची गर्दी ऐकून तारीख आठवडाभर अलीकडे घेतली.

बिनपत्त्याचा | ७ सप्टेंबर, सकाळी ७:३०

टेस्ट करून घेतो मी पण. कुठे होते सांगा.

ओपीडी_सात | ७ सप्टेंबर, दुपारी २:००

जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारा, निरोपात लिहिते. ताई, भाच्याला सांगा, सांकरीहून बर्फाचे डोंगर दिसतात आणि डोकं दुखत नाही. बऱ्याच लोकांची सुट्टी याहून वाईट जाते.

चौथा_मजला | ७ सप्टेंबर, रात्री ९:१५

रोख पैसे वाटेतल्या पुरोल्यात काढून घ्या. डेहराडूनहून सांकरीचा घाटरस्ता आठ-दहा तासांचा आहे, खिशात आलेपाक ठेवा. रात्री फोन आणि बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत चार्ज उतरतो. काळा चष्मा विसरू नका, बर्फावरून ऊन खालून डोळ्यात येतं.

इतवारी_होजियरी | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

लिहून घेतलं. एकच प्रश्न उरलाय. काकूही येतो म्हणतात. चपलेवर.

सोल_निघाला | ७ सप्टेंबर, रात्री ९:४२

काकू!!!

नागद्वारवाली_काकू | ७ सप्टेंबर, रात्री ९:५५

ओरडू नको. तेच बूट घालून रोज भाजी आणून राहिले.